आधी पाठ, मग तोंड: जुने लष्करी बिल्ले जमवताना आणि त्यांच्या घडणीतले फरक तपासताना पाळायचा क्रम

जुना लष्करी बिल्ला हाती लागला की बहुतेक जण आधी तो चिंचेने घासतात, मग समोरून एक फोटो काढतात आणि मग कुणाला तरी विचारतात, "ओरिजिनल आहे का हो?" हा क्रम पूर्ण उलटा आहे. बिल्ला कसा घडवला, कधी दुरुस्त झाला, कुठल्या कारखान्याच्या पद्धतीचा आहे, याचा बराचसा पुरावा पाठीवर असतो. चिंच तोच आधी धुऊन काढते.

इथे टोपीवरचे धातूचे बिल्ले आणि खांद्यावरच्या अक्षरपट्ट्या एवढाच विषय घेतला आहे. काळ साधारण पहिल्या महायुद्धापासून प्रजासत्ताकानंतरच्या पहिल्या काही वर्षांपर्यंतचा. पदकांची तपासणी वेगळी असते, ती यात मिसळू नका.

## १. आधी हद्द आखा

"लष्करी बिल्ले जमवतो" ही हद्द होत नाही. एक पलटण घ्या किंवा एकच खातं घ्या. आपल्याकडे, सोलापूर भागात, मराठा पलटणींपासून सुरुवात करणं सोयीचं, कारण या भागातल्या घरांत तेच सापडण्याची शक्यता जास्त.

घडणीतले फरक शिकायचे असतील तर दहा वेगवेगळ्या बिल्ल्यांपेक्षा एकाच बिल्ल्याचे दहा नग जास्त शिकवतात. "हा आहे माझ्याकडे" म्हणून दुसरा नग सोडून देणं ही नवख्यांची नेहमीची चूक. अभ्यासाला सुरुवात होते ती दुसऱ्या नगापासून.

हद्द ठरली की काही तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा:

- १९०१ ते १९५२ या काळातल्या ब्रिटिश राजाच्या मुकुटाच्या कमानी वर गोलाकार फुगलेल्या असतात. १९५३ पासून एलिझाबेथ राणीचा मुकुट आला, त्याच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात.
- १९२२ च्या फेररचनेआधी भारतीय पायदळाच्या पलटणींना शंभरापुढचेही क्रमांक होते. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी त्या वर्षी ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या.
- २६ जानेवारी १९५० नंतर भारतीय बिल्ल्यांवरून मुकुट गेला आणि अशोकस्तंभावरचे सिंह आले. खात्यांच्या नावाआधीचं 'रॉयल'ही तेव्हाच गळलं.
- इंग्रजकाळात 'मराठा' शब्दाच्या इंग्रजी हिज्ज्यात दोन 'टी' असत. स्वातंत्र्यानंतर एकच राहिला.
- महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावात उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता, पुढे त्याची जागा खंजिराने घेतली. स्तंभवाल्या बिल्ल्याला मागणी मोठी, म्हणून तिथे तपासणीही दुप्पट कडक हवी.

तपासा: ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचं नाव आणि वर दबलेल्या कमानींचा मुकुट, अशी जोडी दिसली तर भिंग काढायचीही गरज नाही. ते नाव १९२२ चं आणि भारतीय बिल्ल्यावरचा मुकुट १९५० ला गेलेला, त्यामुळे राणीचा मुकुट त्यावर येणारच नाही. अपवाद गुरखा पलटणींचा: २, ६, ७ आणि १० या चार पलटणी १९४८ पासून ब्रिटिश सैन्यात गेल्या, त्यामुळे त्यांच्याकडे राणीचा मुकुट असू शकतो.

आणखी एक. सोलापुरात मुकुटवाला कुठलाही बिल्ला "मार्शल लॉच्या वेळचा" म्हणून पुढे केला जातो. राजाचा मुकुट पन्नासेक वर्षं चालला, त्यावरून मार्शल लॉचं १९३० हे साल सिद्ध होत नाही. घराण्याचं पत्र, गणवेशातला फोटो किंवा नोकरीचा कागद सोबत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर पैसे बिल्ल्याचे द्या, गोष्टीचे देऊ नका.

## २. सामान

सराफाकडे असतं तसं दहापट दाखवणारं भिंग, डिजिटल व्हर्नियर, ०.०१ ग्रॅमपर्यंत वाचणारा छोटा काटा, लहान लोहचुंबक, टॉर्च, दोरा, काचेचा पेला, कोरी कार्डं आणि पेन्सिल. एवढ्यात भागतं.

टेबलावर अंथरायला जुन्या धोतराचा किंवा मलमलीचा तुकडा घ्या. आपल्या गावात टॉवेलला तोटा नाही, पण इथे टॉवेल नको. त्याच्या फासांत बिल्ल्याच्या मागची कडी अडकते आणि उचलताना ऐंशी वर्षं टिकलेला तिचा डाग, म्हणजे धातूचा जोड, सुटतो.

## ३. शोध आणि खरेदी

सोलापूरच्या लष्कर आणि सदर बझार भागातली जुनी घरं रिकामी होतात, भांड्याकुंड्यांबरोबर पितळेची मोड विकली जाते, त्यात बिल्ले येतात. मोडवाल्याला आधीच सांगून ठेवा की असलं काही आलं तर घासू नका, वाकवू नका. तो वजनावर विकतो, तुम्ही वजनापेक्षा थोडं जास्त द्या, मग तो तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवतो.

दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नको. "चाचा, जरा उलटा करून बघू द्या की." पाठ दाखवायला कुणी नाखूश असेल तर तिथून निघा. एकाच ताटात एकसारखे, एकसारखेच काळवंडलेले पाच-सहा नग असतील तर भिंगाखाली जास्त वेळ घालवा. दुकानात कानस लावू नका, आम्लाचा थेंब टाकू नका. तो माल अजून तुमचा नाही.

निवृत्त सैनिकांच्या घरी जाणार असाल तर रीत वेगळी. पहिल्या भेटीत खरेदीचा विषय काढायचाच नाही. "आजी, बिल्ला तुमच्याकडेच राहू द्या. आजोबांचा गणवेशातला फोटो असेल तर दाखवता का?" असं विचारा. तो बिल्ला छातीवर, टोपीवर किंवा पागोट्यावर नेमका कुठे आणि कसा लावलेला आहे हे सांगणारा फोटो दहा विकत घेतलेल्या नगांपेक्षा उपयोगाचा. फोटोची प्रत घ्या. बिल्ला मोजून, टिपून परत द्या. ज्याचा मालक नक्की माहीत आहे असा नग हीच तुमची तुलनेची फूटपट्टी, मग तो तुमच्या पेटीत नसला तरी चालेल.

## ४. पाठ वाचा

इथे घाई करू नका.

ठोकलेला की ओतलेला? डायमध्ये, म्हणजे नक्षी कोरलेल्या ठशात, पत्रा ठोकून काढलेल्या बिल्ल्यात समोरचा उठाव पाठीवर खोलगट उमटतो. पत्र्याची जाडी सगळीकडे साधारण सारखी, पृष्ठभाग गुळगुळीत, कडा पंचने कापल्यासारख्या सरळ. ओतीव बिल्ल्याची पाठ बहुधा सपाट किंवा दाणेदार असते, बारीक वाळूचे खड्डे दिसतात आणि कडेला कानशीचे ओरखडे असतात.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: ओतीव म्हणजे नकली. भारतीय बिल्ल्यांच्या बाबतीत हे खरं नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्य झपाट्याने वाढलं, बर्मिंगहॅमहून माल येईना, आणि इथल्या ओताऱ्यांनी वाळूच्या साच्यात बिल्ले ओतले. ते सैनिकांनी वापरले. ते अस्सलच. ओबडधोबड म्हणून असे कितीतरी बिल्ले मोडीत गेले असतील.

मग त्या काळचं ओतीव आणि आजची ओतीव नक्कल वेगळी कशी काढायची? त्या काळचा ओतारी सहसा स्वतःचा नमुना करून त्यावरून साचा काढत असे. म्हणून त्याची अक्षरं जाडसर, पाठ सपाट, धातू जाड आणि कानशीच्या खुणांवर पुढच्या वापराची झीज चढलेली. आजचा नक्कल करणारा मूळ ठोकलेला बिल्लाच साच्यात दाबतो. त्यामुळे ठोकलेल्या बिल्ल्याची खोलगट पाठसुद्धा जशीच्या तशी, पण धूसर होऊन उतरते. खोलगट पाठ आणि त्यात वाळूचे दाणे, हे दोन्ही एकत्र दिसलं की थांबा.

जोडणी. बिल्ला टोपीला धरून ठेवणाऱ्या मुख्य पद्धती दोन. एक, मागे दोन कड्या आणि त्यांतून जाणारी पिन. दुसरी, मागे उभी चपटी पट्टी, जी टोपीच्या चिरेत सरकवतात. कड्या आडव्या रेषेत आहेत की उभ्या, तारेची जाडी किती, कडीचा पाया चपटा ठोकलेला आहे का, पट्टी सरळ आहे की तिला चिमटा दिला आहे, पट्टीचं टोक गोल की चौकोनी, हे सगळं लिहा. वेगवेगळ्या कारखान्यांचा माल वेगळा काढायला याच खुणा कामी येतात.

जमवणाऱ्यांना विकण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरेच ब्रिटिश बिल्ले पुन्हा ठोकले गेले, काही तर मूळ डायवरूनच. त्यांचं तोंड अचूक असणारच. ते पकडायचे पाठीवर: जिथे कड्या हव्यात तिथे पट्टी, किंवा पट्टीची लांबी-रुंदी तुलनेच्या नगाशी न जुळणारी. पट्टीवर 'गॉन्ट' किंवा 'फर्मिन' असं जुन्या ब्रिटिश बिल्लेवाल्या कारखान्याचं नाव कोरलेलं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. नाव ठोकणं हे पट्टी नीट बसवण्यापेक्षा सोपं आहे.

डाग आणि झाळ. मूळ कड्या बहुतेक वेळा पितळी झाळेने बसवलेल्या, जोड पिवळसर आणि नीटनेटका. करड्या कथलाचा थबका दिसला तर ती बहुधा नंतरची दुरुस्ती. दुरुस्ती हा दोष नव्हे, पण दुरुस्तीला "नवा प्रकार" समजून यादीत घालणं ही चूक. मोडलेल्या कडीची जुनी खूण शेजारी सापडते का ते टॉर्च तिरका धरून पाहा. कड्या काढून साडीपिन किंवा पट्ट्याचं बक्कल केलेले बिल्लेही मिळतात. ते वेगळे ठेवा.

तपासा: पट्टीच्या टोकाला आणि कडीच्या आतल्या बाजूला कापड किंवा पिन घासल्याची चमक आहे का? तोंड झिजलेलं आणि पाठ कोरीकरकरीत, असा बिल्ला संशयास्पद.

## ५. मोजा आणि तोला

रुंदी, उंची, कडेची जाडी. प्रत्येक माप तीनदा घ्या आणि मधलं लिहा.

पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. मूळ बिल्ला ४० मिलिमीटरचा असेल तर त्यावरून ओतलेली नक्कल ३९.४ च्या आसपास येते. डोळ्यांना हा फरक कळत नाही, व्हर्नियरला कळतो. म्हणून तुलनेचा नग हवा, त्याशिवाय माप नुसता आकडा आहे.

लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे.

मग घनता. पेल्यात ऊर्ध्वपातित पाणी घेऊन पेला काट्यावर ठेवा आणि काटा शून्य करा. बिल्ला दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा कोरडं वजन २१.४० ग्रॅम आणि पाण्यातला आकडा २.५०, तर घनता ८.५६, पितळ किंवा जर्मन सिल्व्हर याच्या आसपास येतं. उत्तर ६.६ ते ७.१ आलं तर जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा दिलेला असण्याची दाट शक्यता, आणि असे ओतीव नग आजच्या सजावटीच्या मालात भरपूर. २.७ आलं तर ॲल्युमिनियम. ब्रिटिश सैन्यात १९५० च्या दशकापासून मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे बिल्ले आले, म्हणजे राजाच्या काळचा म्हणून ॲल्युमिनियम समोर आलं तर प्रश्न विचारायचे.

सावधान: बिल्ल्याला हवेचे बुडबुडे चिकटले की आकडा चुकतो. पाण्यात साबणाचा एकच थेंब टाका. मिना असलेला, मागे कापड किंवा कागद चिकटवलेला नग पाण्यात घालू नका. काम झालं की लगेच टिपून कोरडा करा. बोअरचं जड पाणी अजिबात नको, त्याचे पांढरे डाग बसतात.

## ६. आता तोंड

डायने ठोकलेल्या नगात अक्षरांच्या भिंती सरळ उभ्या असतात, लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावरच्या दोरीचे पीळ, बिगुलाची कडा सुटी दिसते. नकलेत या जागा साबणाची वडी झिजावी तशा गोलावतात.

झीज नेमकी कुठे आहे ते पाहा. सैनिक रोज ब्रासो लावून घासत, म्हणून उंच भाग आधी सपाट होतो आणि खोलगट जागी पॉलिशचा पांढुरका थर वाळून राहतो. तो थर खरडू नका, तो पुरावा आहे. रसायनाने मुद्दाम काळा केलेला बिल्ला उंच आणि खोल दोन्हीकडे सारखाच काळा दिसतो.

अधिकाऱ्यांच्या रोजच्या गणवेशावरच्या बिल्ल्यांना गडद तपकिरी ब्राँझची झिलई दिलेली असे. ती मळ समजून लोक घासून पिवळी करतात. एकदा गेली की परत येत नाही.

दुधातुकी, म्हणजे पितळ आणि पांढरा धातू असा दोन्हींचा असायला हवा तो बिल्ला पूर्ण पितळेचा मिळाला तर लगेच फेकू नका. पहिल्या महायुद्धात, १९१६ च्या सुमारास, निकेल वाचवण्यासाठी ब्रिटिश पलटणींचे असे बिल्ले मुद्दाम एकाच धातूत काढले गेले. दुसऱ्या युद्धात तर काही बिल्ले प्लॅस्टिकचेही निघाले.

## ७. फरकांची वाटणी

इथे बहुतेकांची गाडी घसरते. दिसला फरक की दिला नवा क्रमांक. प्रत्येक फरक आधी चारांपैकी एका खान्यात टाका.

डायचा फरक: अक्षरांची जाडी, मुकुटावरच्या मण्यांची संख्या, बिगुलाच्या दोरीचे वेढे. हे खरे प्रकार. मणी भिंगाखाली मोजा, अंदाजाने लिहू नका.

कापणीचा फरक: अक्षरांमधली, दोरीमधली पोकळी आरपार कापली आहे की पत्रा भरलेला आहे. हाही खरा प्रकार, पण फक्त पंचने कापलेलं असेल तर. करवतीचे दात दिसले तर कुणीतरी नंतर कोरलं आहे.

जोडणी आणि झिलईचा फरक: मूळ असेल तर प्रकार, दुरुस्ती असेल तर शेरा.

वापराचा फरक: वाकणं, झीज, खरचटणं. याला क्रमांक कधीच नाही.

डायच्या खान्यात एक नेमकी कसोटी आहे. डायला तडा गेला की धातू त्या फटीत शिरतो, म्हणून त्या डायच्या पुढच्या प्रत्येक बिल्ल्यावर त्याच जागी उंचावलेली बारीक रेघ येते. दोन नगांवर अशी एकच रेघ दिसली तर दोन्ही एकाच डायचे, आणि रेघ वाढत गेलेली असेल तर कोणता आधी ठोकला हेही सांगता येतं. उलट, दोन नगांवर त्याच जागी तोच खोल ओरखडा किंवा तीच टोच दिसली तर ती वापराची खूण दोघांवर सारखी कशी पडली? बहुतेक वेळा दोन्ही एकाच झिजलेल्या नगावरून ओतलेले असतात. ताटातले ते पाच-सहा एकसारखे नग इथेच सापडतात.

तपासा: नवा प्रकार म्हणायला निदान दोन स्वतंत्र ठिकाणांहून आलेले नग हवेत. एकच नग असेल तर "निरीक्षण" लिहा आणि पुढे चला.

## ८. कार्ड

साफसफाईआधी लिहायचं. आपला क्रमांक, मापं, वजन, घनता, पाठीचं वर्णन, फरकाचा खाना, कुठून आणि केव्हा आला, किंमत. घराण्याचं नाव वेगळ्या वहीत, कार्डावर नको. कार्डं दहा हातांत फिरतात.

फोटो तीन: तोंड, पाठ आणि तिरक्या उजेडातली पाठ. शेजारी मोजपट्टी हवीच. आपल्या दुपारच्या उन्हात धातू नुसता चकाकतो, तपशील जळतो. सकाळी, ऊन थेट न येणाऱ्या खिडकीशी काढा. बिल्ल्यावर क्रमांक कोरू नका, रंगवू नका, चिकटपट्टी लावू नका.

## ९. साफ करायचं का?

बहुधा नाही. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांतलं काहीही नको. माती असेल तर ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश आणि लगेच वाळवणं. हिरवट कडक थर बांबूच्या टोकाने हलकेच सोडवता येतो. पण भुसभुशीत फिकट हिरवी पूड काढल्यावर पुन्हा पुन्हा येत असेल तर तो नग आधी वेगळ्या कोरड्या डबीत टाका. क्षारांनी आतून खाणारा हा गंज ओलाव्यात वाढतच जातो.

## १०. ठेवणं

हवा कोरडी म्हणून सोलापुरात निर्धास्त राहतात आणि मग उन्हाळ्यात पेटी कूलरच्या खोलीत ठेवतात. कूलर सुरू असलेल्या खोलीत दमटपणा दिवसभर असतो. पेटी दुसऱ्या खोलीत हलवा, आत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि पावसाळ्याआधी बदला.

पीव्हीसीचे अल्बम नकोत, त्यातून निघणाऱ्या वाफेने धातूवर हिरवा चिकट थर येतो. लोकरी कापड आणि रबर यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते. आम्लमुक्त पुठ्ठा आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्या चालतात. बिल्ले एकावर एक टाकू नका. हात धुऊन, पुसून मगच हाताळा. शेंगाचटणी खाऊन तर मुळीच नको.

## ११. देवाणघेवाण आणि कायदा

बदली करताना पाठीचा फोटो न मागता द्या आणि दुरुस्तीचा शेरा स्पष्ट लिहा. समोरच्याने पाठीचा फोटो दिला नाही तर पैसे पाठवू नका.

जमवणं वेगळं आणि अंगावर मिरवणं वेगळं. आपण सैनिक आहोत असं भासवण्यासाठी सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ प्रमाणे गुन्हा आहे. चालू गणवेशातले बिल्ले जत्रेत, लग्नात टोपीला लावून फिरू नका.

शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची धातूची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकते, आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. १९२२ च्या आधीचे क्रमांकवाले मराठा पलटणींचे बिल्ले आता त्या मर्यादेत आले आहेत. परदेशातल्या गिऱ्हाइकाने चांगली किंमत सांगितली तरी असा नग पोस्टात टाकू नका; त्याच्या कार्डाच्या कोपऱ्यात आजच "देशाबाहेर नाही" असं लिहून ठेवा.